सगळ्यात पातळ जागा

कार्डलाच्या दवाखान्यात, माझ्या खणात एक वही आहे.
दोन रकाने: 'म्हणाले' आणि 'झालं'.
सव्वीस वर्षांत हे दोघे
क्वचितच एकमेकांसमोर उभे राहिले.
बहुतेकदा माझाच आकडा मोठा,
आणि माणूस जितका ओळखीचा
तितका जास्तच मोठा.
हेल्वी शाळेत माझ्या बाकावर बसायची,
तिला मी अख्खा उन्हाळा देऊन टाकला होता.
तिला बर्चची पालवीसुद्धा दिसली नाही.

विल्लू तांबेर्ग ऑक्टोबरात आला.
स्वादुपिंड, मग यकृत, मग पाठीचा कणा.
बायको आइता त्याचा कोट मांडीवर धरून,
जणू लगेच निघायचंच आहे.
मी पाठ केलेलं वाक्य काढलं:
"वर्षं नाहीत. महिने. बहुधा थोडे."
शंभरातले पन्नास इथपर्यंत, पन्नास पुढे,
अशी हवेत बोटाने रेघ ओढून दाखवली.
तो बोटाकडे पाहत राहिला,
भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखा.

मग म्हणाला,
"एकतीस हिवाळे मी समुद्राचा बर्फ मोजला, डॉक्टर.
हेल्टरमापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
दर शंभर पावलांवर गिरमिट घालायचं, पट्टी सोडायची,
आकडा लिहायचा, मग ठरवायचं:
आज दुधाची गाडी जाऊ दे, लाकडाची नको.
सरासरी विचारायचे ते कचेरीतले साहेब.
सरासरी चांगलीच असायची.
पण गाडी सरासरीवरून जात नाही,
प्रत्येक जागेवरून जाते.
मला सगळ्यात पातळ जागा सांगा."

मी हातचा राखून बोलणारी बाई.
कोणी शिकवलं नाही, अंगवळणी पडलं.
खिडकीबाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं,
ते लागेपर्यंत मी थांबले.
"नाताळ," म्हणाले. "कदाचित त्याच्याही आधी."
आइताच्या मांडीवरचा कोट घसरला.
वाकायला त्रास होत होता, तरी त्यानेच उचलला,
आणि म्हणाला, "हं, आता कसं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.
होडी विकली, इंजिन पुतण्याला ठेवलं.
ताल्लिनला भावाला फोन केला,
अकरा वर्षांचा अबोला, जमिनीच्या एका पट्ट्यावरून;
दोघे चाळीस मिनिटं फक्त हवामानावर बोलले.
आइताला सरपण किती लागेल
याचा एप्रिलपर्यंतचा हिशेब, भिंतीवर, खडूने.
त्यात स्वतःसाठी एक ओंडका धरला नाही.

डिसेंबरात मी घरी जायची, मॉर्फीन वाढवायला.
दर खेपेला विचारायचा, "गोठला?"
नव्हता गोठला. त्या वर्षी समुद्राने मनावरच घेतलं नाही.
फेरीबोट राखाडी पाणी कापत येत-जात राहिली.

नाताळ गेला. तो होता.
नवं वर्ष लागलं. होता.
"पट्टी चुकली तुमची," म्हणाला, हसायला दम पुरत नव्हता,
"पातळ म्हणून बंद केलेला रस्ता टिकला,
तर कोणी शिव्या देत नाही."
दिल्या खरं तर. आइताने. स्वयंपाकघरात, मला.
नाताळला सगळ्यांना बोलावून निरोप घेऊन झाला होता,
आता रोज सकाळी नवा निरोप आणायचा कुठून?
मी कप विसळत उभी राहिले.

सतरा जानेवारी, रात्री.
खाडीच्या कडेला बोटभर पापुद्रा धरला होता,
पहाटे वारा सुटला, मोडला.

वहीत लिहिलं: नाताळ. समोर: तेवीस दिवस जास्त.
फार वर्षांनी मी कमी सांगून चुकले होते.

आज मिल्वी ओत्स आली. छाती, मग फुप्फुसं.
मी खुर्ची पुढे ओढली. किती जाणून घ्यायचंय, विचारलं.
ती म्हणाली, बटाट्याचं बियाणं मे महिन्यात लावतात.
म्हटलं, हो.
म्हणाली, यंदा लाल लावणार आहे.
मी गिरमिट खाली ठेवलं.
विचारलं, लाल कुठलं?